रेघेवरचं घर

हवामान कार्यालयात वादळांच्या टेबलाशी बसून बाईंचं अर्धं आयुष्य सरलं, पण एक साधी गोष्ट त्यांना घरच्यांच्या गळी उतरवता आली नाही. वादळाच्या नकाशावर एक रेघ असते आणि रेघेभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा असतो. रेघ म्हणजे वादळाचा मध्य साधारण कुठून जाईल त्याचा अंदाज. पट्टा म्हणजे तो अंदाज किती चुकू शकतो त्याची कबुली. पट्ट्यात ज्याचं घर त्याने सामान बांधावं, संपलं! पण लोक बघतात ती रेघ. ती दोन बोटं पलीकडून गेली की सुटलो म्हणतात आणि गच्चीवर कपडे वाळत घालतात. "रेघेकडे नका बघू, पट्ट्याकडे बघा," हे बाईंनी लग्नघरापासून मयतीपर्यंत सगळीकडे सांगून लोकांचे कान किटवले होते. शेजारी त्यांना मागून वादळबाई म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

यंदाचा हंगाम सरला म्हणून सगळे निर्धास्त होते. साहेबांनी लोकांच्या रजा मंजूर करायला घेतल्या होत्या आणि बाईंनी कपाटं आवरायला काढली होती. नेमकं तेव्हा हे उशिराचं वादळ उठलं, आणि उठल्यापासून त्याने बाईंना छळलं. संध्याकाळी वाटावं विरणार, सकाळी बघावं तर दुप्पट. मध्येच समुद्रात ठाण मांडून बसलं ते हलेचना. "निघायचं तर नीघ ना एकदाचं!" असं त्या पडद्यावरच्या पांढऱ्या भोवऱ्यावर खेकसल्या, तेव्हा साहेबसुद्धा दचकले.

खरा घोर घरचा होता. आई आणि दादा किनाऱ्यालगतच्या बैठ्या घरात राहत. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, ताडपत्र्या शिवून देण्याचा त्याचा धंदा. या मोसमात बाईंच्या सांगण्यावरून त्याने आईला दोनदा हलवलं होतं, आणि दोन्ही वेळा वादळ तोंड फिरवून निघून गेलं होतं. त्यामुळे या खेपेला सकाळीच त्याने फोनवर धोशा लावला.

"पट्टाबिट्टा मला सांगू नकोस. आपलं घर रेघेवर आहे की नाही? हो की नाही, एवढंच बोल."

बाईंनी समजावून पाहिलं. दुसरा फोन वाजत होता, साहेब इशाऱ्याच्या पत्रकासाठी दारात उभे होते, आणि दादाची टकळी चालूच.

"हो, आहे रेघेवर!" त्या ओरडल्या आणि फोन आपटला.

झालं! जन्मभर ज्या रेघेशी भांडल्या, तीच त्यांनी वैतागून भावाच्या हातात दिली.

दादा एरवी ऐकत नाही, पण ऐकलं की इमानदारीत ऐकतो. त्याने आईला खटारा गाडीत बसवलं आणि रेघेपासून लांब, खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या मावशीकडे नेलं. वर फोन करून कळवलं, "घे, आणली इकडे. आता तरी शांत बस."

बाईंनी नकाशावर मावशीचं घर शोधलं आणि कपाळावर हात मारला. पट्ट्याच्या आतच होतं ते! त्यात दुपारची निरीक्षणं आली आणि रेघही सरकली. वादळ आता दोन्ही घरांच्या मधून घुसणार होतं, आणि मावशीचं घर नेमकं त्या अंगाला होतं जिथे वारा समुद्र आत ढकलतो. बाईंनी पुन्हा फोन लावला.

"दादा, आईला काढ तिथून. मावशीलाही घे आणि टेकडीवरच्या शाळेत जा."

"तुझ्या वादळाला आधी ठरवू दे कुठे जायचं ते! तिचे गुडघे बघितलेस का? सकाळी गाडीत चढताना रडकुंडीला आली होती. म्हातारी म्हणजे काय गाठोडं आहे, इथून उचल नि तिथे ठेव?"

"अरे, पाणी शिरेल तिथे!"

"मागच्या दोन्ही वेळेला हेच म्हणालीस."

म्हणाल्या होत्या खऱ्या. बाईंना स्वतःचा राग आला, दादाचा आला, आणि त्या भोवऱ्याचा तर इतका आला की पडदाच फोडावासा वाटला. स्वतः धावत जावं तर पुढचं पत्रक अडणार, आणि त्या पत्रकाकडे अख्खा किनारा डोळे लावून बसलेला. तेवढ्यात आईने दादाच्या हातून फोन घेतला.

"काय गं, नक्की येणार का पाणी?"

नक्की हा शब्द बाईंच्या कामात चालत नाही. त्यांनी तो कधी वापरला नव्हता आणि आताही त्यांच्या जिभेवर येईना.

"नक्की नाही सांगता येत, आई," त्या म्हणाल्या. "पण मला फार भीती वाटतेय गं."

"मग हे आधी बोलायचं ना! सकाळपासून रेघ नि पट्टा काय सांगत बसलीस? ए, गाडी काढ रे. आणि मावशीला हात दे."

दिवस मावळता मावळता वादळ जमिनीवर चढलं. खाडीकाठचं वारा मोजणारं यंत्र मध्येच मुकं झालं आणि दादाचा फोन लागेना. बाई पत्रकामागून पत्रक काढत राहिल्या, चहा आणणाऱ्यावर उगाच डाफरल्या, मग त्याची माफी मागितली. उजाडल्यावर वादळ विरत चालल्याचं त्या लिहीत होत्या, तेव्हा फोन वाजला.

"मावशीच्या खिडकीच्या वर पाणी चढलं होतं," दादा म्हणाला. "पलंग, कपाट, सगळं गेलं. आणि आपलं घर ठणठणीत कोरडं! त्यात आईचा चष्मा मावशीकडेच राहिला, तुझ्या घाईपायी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई कुठेय?"

"इथेच शाळेत, बाकावर. घोरतेय."

बाईंनी डोळे पुसले. "दादा, म्हणून मी इतकी वर्षं सांगतेय, पट्टा जो असतो ना..."

"पट्टा राहू दे गं. पुढच्या वेळी तुला भीती वाटतेय का, तेवढं सांग. मी लगेच गाडी काढतो."

"मला दर खेपेला वाटते रे," बाई म्हणाल्या.

"मग काय, दर खेपेला काढावी लागणार," दादा कुरकुरला आणि चष्मा शोधायला निघाला.