उतरलेला सा

कुल्हडातल्या चहाला ओल्या मातीचा वास आला की मला ओकारिना आठवतं. मुठीत मावणारं, भोकं पाडलेलं ते मातीचं वाद्य मी दिल्लीच्या करोल बागेत हौसेनं घेतलं आणि मोबाईलवर बघून शिकायला लागले. द्वारकेच्या फ्लॅटमध्ये धुरामुळे खिडक्या बंदच असायच्या. फुप्फुसांच्या आजारानं खचलेले बाबा पलंगावरून टोकायचे, “बेटा, सा उतरलाय, दम लाव.” एका दुपारी, नाकात ऑक्सिजनची नळी असतानाच, त्यांनी ते मागून घेतलं आणि फुंकलं. नुसती हवा आली. “तडकलंय वाटतं,” ते म्हणाले. मी म्हटलं, “हो बाबा, तडकलंय.” तडकलेलं वाद्य मग त्यांच्यासमोर वाजवणार कसं? शेवटपर्यंत घरात फक्त मशीनची घरघर होती. परवा ते कुठेच न तडकलेलं ओकारिना कपाटातून काढून फुंकलं. सा उतरलेलाच लागला, पण कुणी टोकलं नाही.