शेपटीचं डाळिंब

भाच्याचा फोन आला तेव्हा मी गावाकडं, अंथुर्ण्याच्या बागेत होतो. "मामा, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, किती वाजता? "साडेसहाच्या सुमारास. चहा घेऊन खुर्चीत बसले होते..." तो 'सुमारास' दाजींना आवडला असता, हे तशा वेळीही माझ्या मनात येऊन गेलं. दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. बारामतीत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, वजन, उंची, वेळ या सलग गोष्टी. त्यांत नेमका एक बिंदू पकडायला गेलात तर त्याची शक्यता शून्य. 'अमुक ते तमुकच्या मधे' म्हणा, मग गणित सुरू होतं. आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही, असंही वर म्हणायचे; आपल्याकडं पाहुणा येतो तोसुद्धा दुपारच्या सुमारास.

त्यांच्या घरी गेलं की आधी कानावर यायचा आक्काचा आवाज, "किती ह्यो पसारा!" दाजींची खोली तशीच होती. खुर्चीवर वह्या, कॉटवर आलेखाचे कागद, टेबलावर खडू आणि त्यातच चष्मा. कुणी आवरू लागलं की ते अडवायचे. आकडे सरासरीपासून किती लांबवर विखुरलेत ते मोजण्याला पुस्तकात मोठा जड शब्द आहे, पण वर्गात ते सरळ 'पसारा' म्हणायचे. "सरासरी कुनीबी सांगंल," मला म्हणायचे, "पसारा किती ते सांगा, पाव्हणं." एकदा बारामतीच्या स्टँडवर आम्ही तिघं इंदापूर गाडीची वाट बघत होतो. आक्का वैतागली तेव्हा दाजींनी तिथंच तास घेतला. गाड्या जर कुठलाही धरबंध नसल्यासारख्या येत असतील, तर आपण आधी किती थांबलो याचा गाडीला पत्ता नसतो. पुढची वाट तेवढीच उरते, जेवढी आल्या आल्या होती. आक्का म्हणाली, "गाडीला पत्ता नसू दे. तुमाला हाय का, मी किती येळ हुबी हाय ते?" दाजींनी तिची पिशवी स्वतःकडं घेतली.

आता बागेचं सांगतो, कारण माझं आणि त्यांचं खरं नातं तिथं जुळलं. डाळिंबाची बाग मी हट्टानं लावली होती. दोन बहार झाले, पण व्यापारी फळ हातात तोलून नाक मुरडायचा. माझं म्हणणं होतं, सरासरी वजन बरं आहे की! आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पटत नव्हतं. "ह्यो बहार झाला की बाग काढ आन ऊस लाव," असं त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं. आमच्या घरात आबांनी सांगितलं की विषय संपायचा. झाडं मी पोरासारखी वाढवली होती. ताटावरून उठून मी दाजींना फोन लावला.

दाजी रविवारी आले ते वजनकाटा घेऊनच. अंगणात ताडपत्री अंथरली, खडूनं एका बाजूनं हलकं, दुसऱ्या बाजूनं जड असे पट्टे आखले आणि तोडलेलं एकेक फळ तोलून ज्याच्या त्याच्या पट्ट्यात ओळीनं मांडायला लावलं. म्हणाले, झाडावर वाढणाऱ्या गोष्टींचा बहुतेक एकच डोंगर होतो, मधे उंच आणि दोन्हीकडं उतरता. आबा खाटेवरून बघत होते. "जावई डाळिंबाची रांगोळी घालाय लागलाय," असं ते आईला म्हणाले, दाजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पण दुपारपर्यंत ताडपत्रीवर उभे राहिले दोन डोंगर. मधे दरी, आणि माझी लाडकी सरासरी नेमकी त्या दरीत. त्या वजनाचं फळ बागेत जवळजवळ नव्हतंच.

दाजी त्या दरीपाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "पाव्हणं, बाग एक हाय का दोन?"

"एकच की."

"डाळिंबं तर दोन म्हनत्यात."

दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाची आणि ओढ्याकडची फळं वेगळी तोडली. वरच्याचा एक डोंगर, ओढ्याकडचा दुसरा. ठिबकच्या नळ्या जाऊन बघितल्या तर ओढ्याकडच्या टोकाला क्षार साचून थेंब पडायचाच बंद झालेला. अर्धी बाग तहानलेली, आणि सरासरीनं ते झाकून ठेवलं होतं. आबा स्वतः चालत गेले, नळी हातात घेऊन फुंकून बघितली आणि म्हणाले, "एक बहार बगू."

नळ्या साफ केल्या. पुढच्या बहाराला दाजींनी पुन्हा ताडपत्री मांडली आणि एकच डोंगर झाला, मधे उंच, दोन्हीकडं उतरता. उजवीकडं शेवटच्या पट्ट्यात, सगळ्यांपासून लांब, एकटंच एक थोराड फळ पडलं होतं. डोंगराचा उतार निमुळता होत जातो त्या टोकाला दाजी शेपटी म्हणत, आणि हे शेपटीचं फळ. आबा उठले, ते उचललं आणि दाजींच्या हातात दिलं. "ह्ये तुमचं." उसाचं नाव पुन्हा घरात निघालं नाही.

तेव्हापासून दर बहाराचं शेपटीचं डाळिंब बारामतीला जातं. दाजींनी ते कधी खाल्लं नाही. टेबलावर कागदांवर ठेवायचे, साल कडक होईपर्यंत, आणि आक्का बोलत राहायची.

यंदाचा बहार दाजी गेल्यावर निघाला. ताडपत्री मी एकट्यानं मांडली. डोंगर बरा झाला, पण तो दाखवायला माणूस नव्हता, आणि मला तिथंच रडू आलं. शेवटचं फळ घेऊन मी बारामतीला गेलो. आल्यागेल्यांनी खोली आवरून द्यायची तयारी दाखवली होती, असं भाचा सांगत होता. आक्कानं कुणाला हात लावू दिला नव्हता. वह्या, खडू, चष्मा, सगळं जिथल्या तिथं. मी टेबलावरच्या कागदांवर डाळिंब ठेवलं.

आक्का दारातून बघत होती. "पसारा वाढीवलास बग आनखी," ती म्हणाली. मग आत आली, घरंगळू नये म्हणून फळाला चष्म्याच्या घराचा टेकू दिला, आणि बाकी कशालाही हात न लावता दार ओढून घेतलं.