फटी शोधणारे काका

कुणाच्याही घरी गेले की काका आधी बसत नसत. शर्टाच्या खिशातून उदबत्ती काढायची, काडी ओढायची आणि दाराच्या चौकटीजवळ, खिडकीखाली, भिंत आणि छप्पर मिळतं तिथे ती धरून उभं राहायचं. धूर सरळ वर गेला तर मान हलवायची. वाकडा झाला तर म्हणायचं, "हं. इथून येतो."

येतो म्हणजे वारा.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाई डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, घरात काही बाधा आहे आणि हे ती काढायला आलेत. फिरून झाल्यावर काका म्हणाले, "आजी, मागच्या दाराखाली उंदीर जाईल एवढी फट आहे. गुडघे दुखणारच." सासूबाईंनी दक्षिणा पुढे केली. काकांनी ती घेतली, आणि घरी जाऊन काकूंना दाखवली. "बघ, पेन्शनीशिवाय पहिली कमाई."

मी कर्जतजवळच्या भिसेगावात त्यांच्याकडे स्वयंपाकाला जात असे. काका आधी खोपोलीच्या एका कारखान्यात होते. वाफेच्या गरम पाइपांना बाहेरून काचेच्या धाग्यांचा जाड कापूस गुंडाळायचा, म्हणजे उष्णता वाटेत सांडत नाही, हे त्यांचं खातं. नोकरी संपली तरी गुंडाळणं संपलं नाही. काकूंच्या जुन्या साड्यांच्या पट्ट्या करून त्यांनी खिडक्यांच्या फटीत कोंबल्या. न्हाणीघरातल्या बंबाला गोणपाटाचा अंगरखा शिवला. काकू म्हणत, "मला कधी स्वेटर आणला नाही. बंबाला आणला."

"बंब तक्रार करत नाही," काका म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, कर्जतला कसली आलीय थंडी. पण डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत पौषातली एक पहाट काढून बघा. वारा वरून उतरतो आणि कुडाच्या घरात बिनबोलावता शिरतो. म्हणून तर गावातलं एक मंडळ दर हिवाळ्यात वाड्यांवर कांबळी वाटत असे. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. काकांचे लहानपणापासूनचे मित्र, म्हणून रोज संध्याकाळी चहाला आणि भांडायला येत.

"गेल्या वर्षीची कांबळी कुठे गेली, विचारलंस का कुणाला?" काका सुरू करत.

"दान देऊन हिशेब मागायचा नसतो."

"दानाचा नको मागू. थंडीचा माग. थंडी कमी झाली का?"

"अरे, माणसाच्या हातात काहीतरी पडावं लागतं. भिंत लिंपून दिलीस तर आपल्याला काही मिळालं असं कुणाला वाटेल?"

"फाटक्या पिशवीत पीठ ओतत बसलायस तू. आधी पिशवी शिव."

एकदा मी चहा ठेवायला गेले तर काका म्हणाले, "हिला विचारू. सुमन, लहानपणी तुमच्या वाडीवर वाटली होती का कधी कांबळी?"

मला असं मध्ये ओढलेलं आवडत नाही. पण दोघंही कप खाली ठेवून थांबले. मी म्हटलं, "वाटलेली. आमच्या आईनं ती कधी पांघरू दिली नाहीत. पाव्हण्यांसाठी ठेवली."

"बघ, किती मोल वाटलं त्या बाईला," गुरुजी म्हणाले.

"बघ, पोर कुडकुडतच राहिलं," काका म्हणाले.

दोघंही जिंकल्यासारखे चहा प्यायले.

त्याच हिवाळ्यात हिराबाई आली. ही डोंगराखालच्या वाडीतली. पावसाळ्यात तिच्या परसातली काकडी विकायला यायची, थंडीत लाकडं. काकूंशी तिचं फार जमे. त्या दिवशी लाकडाची मोळी उतरवून ती ओट्यावर बसली ती उठेचना. मुलगा वीटभट्टीवर गेलेला, सून बाळंत होऊन घरी, आणि नात अगदी एवढीशी.

"दवाखान्यात म्हनले, उबेत ठेवा. कशी ठेवू? रातचं पोर रडत बी नाय," ती म्हणाली. "रडलं तरी बरं वाटंल."

काकांनी आतून ते ऐकलं. चपला घालत बाहेर आले. "सुमन, चल. तुला लिंपता येतं ना?"

हिराबाईचं घर कारवीच्या काटक्यांचं. त्या वर्षी माणसंच घरी नसल्यामुळे भिंतीचं लिंपण जागोजाग गळलेलं. काकांनी उदबत्ती लावली. धूर कुठे जावं ते न कळून चारी बाजूंना पळाला.

"हिराबाई, हे घर नाही, चाळण आहे."

"चाळन हाय म्हनून धूर तरी जातो, काका. न्हायतर आमी चुलीपाशी मरू."

"त्याचीही सोय करतो."

आणि केली. खोपोलीच्या पत्रेवाल्याकडून त्यांनी धुराडं करून आणलं. चूल मागून बंद केली, म्हणजे सगळा धूर पत्र्याच्या पाइपातून थेट घराबाहेर. आम्ही बायकांनी माती, शेण आणि भाताचं तूस मळलं. काका धोतर खोचून त्यात उतरले तेव्हा वाडीतली सगळी पोरंटोरं बघायला जमली.

"काका, कडेला व्हा, पाय घसरंल."

"कारखान्यात याच्यापेक्षा घाण काम केलंय."

"तितं पगार व्हता. हितं भाकर मिळंल फकस्त."

खालपासून पार छपरापर्यंत आम्ही भिंती लिंपल्या. एक फट ठेवली नाही. वरच्या कडा काका स्वतः बोटांनी बुजवत होते, देवाला गंध लावावं तसं.

भिंती सुकल्यावर आम्ही परत गेलो. चूल पेटलेली होती, घरात धूर नव्हता, आणि आत पाऊल टाकल्यावर अंगाला ऊब लागली. सून पोरीला घेऊन कोपऱ्यात बसली होती. काकांनी वाकून बघितलं, तेवढ्यात पोरीनं मोठं भोकाड पसरलं. एरवी बाळ रडलं की बाया धावतात. त्या दिवशी सगळ्या नुसत्या ऐकत राहिल्या. काकांनी चष्मा काढून पुसला आणि कितीतरी वेळ पुसतच राहिले.

मग त्यांनी गुरुजींना ओढत वाडीवर नेलं. गुरुजींनी घर बघितलं, पोर बघितलं. परत येताना टमटममध्ये म्हणाले, "बरं. पुढच्या हिवाळ्यात कांबळी नाहीत. सगळ्या वाडीला तुझी भिंत आणि तुझं धुराडं." दोघांचं भाडं काकांनी दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

पुढच्या पावसाळ्यात हिराबाई काकडी घेऊन आली नाही. नुसती रानभाजी घेऊन आली. काकूंनी विचारलं, "काकडी नाही का गं या वर्षी?"

"नाय झाली," ती म्हणाली आणि पाटी उचलून निघाली.

मी तिच्यामागे फाटकापर्यंत गेले. तिथे ती बोलली. त्यांच्याकडे काकडीचं, वालाचं, नाचणीचं बियाणं चुलीवरच्या माळ्याला टांगलेलं असतं. वर्षभर चुलीचा धूर त्याच्यातून जातो, म्हणून त्याला कीड लागत नाही. आता धूर पाइपानं बाहेर जायचा. मिरगाच्या तोंडावर तिनं बियाणं खाली काढलं तर सगळं भुंग्यांनी खाल्लेलं. काकडीचं तिच्या सासूच्या हातचं होतं, ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. नाचणीपुरतं भावाकडून मागून आणलं.

मला कळायला हवं होतं, तिला कळायला हवं होतं, असं आता वाटतं. पण त्या दिवसांत कुणाचं लक्षच माळ्याकडे नव्हतं. सगळे पोरीकडे बघत होतो.

"काकांना सांगू नको गं," ती म्हणाली. "तेंच्या हातानं पोर वाचलं."

"अगं, पण आता सगळ्या वाडीला धुराडी बसणार."

तिनं पाटी डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "देनाऱ्याला कसं सांगायचं?"

ते वाक्य घेऊन मी स्वयंपाकघरात आले. भाकरी थापायला बसले तर पीठ जमेना. काका पाणी प्यायला आले, तेव्हा मी त्यांच्याकडे न बघता, परातीकडे बघत सगळं सांगून टाकलं.

काका तिथेच पाटावर बसले. पाणी प्यायलेच नाहीत. म्हणाले, "इतकी वर्षं मी एकच शिकलो, हवं ते आत ठेवायचं, नको ते बाहेर काढायचं. कुणाला काय हवंय ते कधी विचारलंच नाही." मग म्हणाले, "मला ती का नाही बोलली?"

मी हिराबाईचं वाक्य सांगितलं. त्यांचा चेहरा तेव्हा जेवढा पडला, तेवढा बियाण्याचं ऐकूनही पडला नव्हता.

मंडळाच्या सभेत त्यांनी स्वतःच उठून हे सांगितलं. मी तिथे चहा द्यायला होते. एक जण म्हणाला, "म्हणजे कांबळीच बरी." सगळे गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजींना जिंकायची एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती. ते म्हणाले, "आधी वाडीवर जाऊ. विचारू."

वाडीवर सगळ्या बाया बसल्या, पण बोलेना कुणी. "काय चुकलं ते सांगा," काका म्हणाले. "चांगलं हाय की सगळं," बाया म्हणाल्या. हिराबाईनं चहा आणला. काकांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हिराबाई, चहा पाणचट आहे. आणि साखर तर पोत्यानं ओतलीयस."

सगळ्या चमकल्या. पाव्हण्यानं असं बोलायचं असतं का?

"मी तुमच्या घरी येऊन चहाला नावं ठेवली. आता तुम्ही माझ्या भिंतीला ठेवा."

आधी हिराबाईच हसली. म्हणाली, "आसं व्हय? मंग ऐका." आणि ऐकावं लागलं. पाइप पावसात गळतो. चूल उंच झालीय, बसून हात पोचत नाय. भिंतीला फट नाय, तर पावसाळ्यात घर आंबतं. एकीनं तर मंडळाच्या कांबळीचे केस टोचतात हेही गुरुजींना ऐकवलं. दुपार टळली तरी बाया थांबेनात. त्यातूनच ठरलं की माणूस निजतो तेवढ्या उंचीपर्यंत भिंत घट्ट लिंपायची आणि वरचा भाग मोकळा ठेवायचा. पाइप काढता येईल असा बसवायचा, म्हणजे बाळंतीण घरात असली की धूर बाहेर आणि एरवी माळ्याकडे. ज्यांना कांबळी हवी त्यांना कांबळी. काकांनी सगळ्याला मान हलवली.

त्या हिवाळ्यात तशी सारी वाडी झाली. काकडीचं ते बियाणं मात्र परत मिळालं नाही. काका कर्जतच्या बाजारात, खालापूरच्या बाजारात, जिथे कुणी वाडीवरची बाई काकडी घेऊन बसलेली दिसे, तिथे थांबून चव बघत. "ही नव्हे," म्हणत आणि तरी विकत घेत. काकू म्हणत, "आता घरात काकडीशिवाय काही शिजेल का?"

यंदा आषाढात काका गेले. झोपेतच, कुणाला हाक न मारता. नंतरचे दिवस काकू नुसत्या बसून असत. भेटायला येणारे सांगत, देवमाणूस होता, केवढं केलं लोकांसाठी. काकू मान हलवत. रडत नसत, जेवत नसत, बोलत नसत. मला त्यांची भीती वाटायला लागली होती.

एका दुपारी हिराबाई आली. सोबत नात, हाताला धरून. ती काकूंच्या समोर जमिनीवर टेकली. नातीला शेजारी बसवलं. मग हिराबाई म्हणाली, "लई हट्टी मानूस. आमची भिताडं लिंपताना माजं काय ऐकलं असंल तर शपथ."

काकूंनी मान वर केली.

"आनि चालायचे कसे. आपलं मानूस मागं ऱ्हायलंय का पुडं, बघायचे बी नाय."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बसलेला होता. "देवाला निघालो, तर मला स्टेशनावर विसरून पुढे गेले."

"आगं आई."

"आणि कधी म्हणून आमटीला चांगली म्हटलं नाही. पातेलं पुसून खायचे, पण म्हणायचे नाहीत."

काकूंचे डोळे वाहायला लागले. हिराबाई पुढे सरकली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि काकांनी वाडीत कुणाकुणाचं डोकं कसं खाल्लं ते एकेक करून सांगायला लागली. मी तिघींसाठी भात टाकला. काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आणखी सांग."