काचपेटीआधीचं खोकं

निवृत्तीनंतर माझ्या यजमानांना डार्ट जातीचे चिमुकले रंगीत बेडूक पाळायचे होते. अंगठ्याच्या पेराएवढे दोन बेडूक, आणि काचपेटी म्हणे दीड फूट लांब, तेवढीच रुंद!

"बरणीत मावतील," मी म्हणाले.

"अगं, लोणचं नाही घालायचं त्यांचं. फिरायला जमीन लागते. आणि लहान पेटी सुरतेच्या उन्हात लगेच तापते."

साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा जोडून त्यांनी त्याच मापाची पेटी केली आणि माझ्या वाचायच्या टेबलावर ठेवली. "अडली तर सांग. मग बेडूक आणायचेच नाहीत."

आठ दिवस मी काहीच बोलले नाही. नवव्या दिवशी "अडत नाही" म्हणाले, तसे ते न जेवताच उधन्याला काचवाल्याकडे गेले.

बेडकांसोबत त्यांना जेमतेम एक पावसाळा मिळाला. ते आठ दिवस मी उगाच घेतले.