कुसाबाईंची संपफोडी

आमची आणि कुसाबाईंची भिंत एकच. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका मला येतात. ऐकू येतं यात माझा दोष नाही, भिंतच पातळ आहे.

सातपूरच्या आमच्या कॉलनीत त्या तीस वर्षं राहतात. नवरा धोंडीराम कारखान्यातून निवृत्त, मुलगा हर्षल बायकोसह पुण्याला. माहेर चांदवडचं, तिथे धाकटा भाऊ रंगनाथ आणि भावजय झुंबर. ही झुंबर कुसाबाईंशी चार वर्षं बोलत नव्हती. मामाची पोर हर्षलला करायची, हे दोन्ही घरांत धरूनच चाललं होतं, आणि हर्षलने ऑफिसातली पसंत केली. तेही झुंबरने गिळलं असतं. पण कुसाबाईंना तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून स्वतः अक्षत घेऊन जायचं सोडून त्यांनी पत्रिका कांद्याच्या पिकअपवाल्याच्या हाती धाडली. सख्ख्या मामाला आमंत्रण पिकअपमधून! लग्नाला चांदवडहून कुत्रंसुद्धा आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका बारशात दोघी चुकून शेजारी बसल्या आणि साडेआठच्या मालिकेतल्या वेदिकेवरून दोघींचं एकमत झालं. तेव्हापासून रोज मालिका संपली की नऊला झुंबरचा फोन. विषय फक्त वेदिका. घरचं अवाक्षर नाही. पण फोन रोज.

आणि मुंबईत मालिका लिहिणाऱ्यांनी संप केला.

आठवडाभर शिल्लक भाग पुरले. मग जुनेच भाग, पोरांच्या गाण्याची स्पर्धा, डब केलेले मारामारीचे सिनेमे. वेदिका बॅग घेऊन सासरच्या दारात उभी, बेलवर बोट, आणि तिथेच अडकली. इकडे कुसाबाई साडेआठला टीव्ही लावत, बंद करत, पुन्हा लावत, दारात येत, निवडलेली मेथी पुन्हा निवडत. फोन पाच मिनिटांवर आला. मग दोनवर. "जेवलीस?" "जेवले." "बरं." एक दिवस आलाच नाही.

"भाऊजी, हा संप कधी मिटणार हो?" त्यांनी मला विचारलं, जणू मीच संपवाल्यांचा पुढारी.

"मिटेल तेव्हा मिटेल. तोवर सांगायचं, पुढचे भाग मोबाईलवर येतात. चांदवडहून कोण बघायला येतंय?"

"खोटं सांगू?"

"लिहिणारे तरी काय खरं लिहितात?"

झालं. दुसऱ्या दिवशी कुसाबाईंनी स्वतःच फोन लावला आणि वेदिकेला दाराच्या आत घेतलं. पहिल्या दिवशी अडखळल्या. चौथ्या दिवशी वेदिकेच्या दिराचं लग्न काढलं. आठव्या दिवशी बोलता बोलता म्हणाल्या, "आणि त्या दिराच्या मामीला पत्रिका कशी गेली म्हणतेस? टेम्पोतून! भाजीच्या टेम्पोतून!"

भिंतीअलीकडे माझा घास हातातच राहिला.

ती गंमत मी दुसऱ्या दिवशी धोंडीरामच्या कानावर घातली. जीभ म्हणजे वैरीण आहे माझी. धोंडीरामने तरुणपणी बहात्तर दिवस गेटवर संप केलेला. तेव्हा मागच्या दाराने कामावर गेलेल्या कोंडाजीला तो अजून रामराम करत नाही.

"कुसा," तो म्हणाला, "ती माणसं काम बंद करून बसलीत आणि तू त्यांचं काम करतेस? आता तुलाही कोंडाजी म्हणू का?"

त्या घरात याहून मोठी शिवी नाही. कुसाबाईंचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्यांनी फोन लावला नाही. नऊ वाजले. आतबाहेर, आतबाहेर, चपला झिजल्या असतील. नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. त्या बघत राहिल्या.

"उचल," धोंडीराम म्हणाला, "उचलायला बंदी नाही."

"झुंबर, आज भाग नाही," कुसाबाई एका दमात म्हणाल्या. "नव्हताच कधी. संप आहे. मीच रचत होते."

त्यांचं बोट चुकून स्पीकरवर पडलं. मी शपथेवर सांगतो, मी भिंतीला कान लावला नव्हता. फार तर खांदा.

"म्हाईत हाय मला," झुंबर म्हणाली. "आमच्याकडं बी मोबाईल हाय, आक्का."

"मग ऐकत का होतीस?"

"त्या मामीसाठी. म्हटलं बघू, तिच्या दारात कोण येतंय का. लय दिस झाले, बसलीय ती रुसून."

"आता पुढचं मी नाही रचणार. यांनी बंदी घातलीय."

"रचू नको. लिहिणाऱ्यांचा संप हाय, आपला कुठं हाय?"

मग कुसाबाई म्हणाल्या, "सकाळी सातची एसटी आहे."

"ये. पत्रिका घेऊन ये."

"अगं, सहा वर्षं झाली लग्नाला!"

"व्हऊ दे. टेम्पोतली मी मोजत नाय."

सकाळी सहाला त्यांच्याकडे डबे, ट्रंका, कपाटं, सगळं वाजत होतं. मग आमच्या दारावर थाप. हातात ओल्या अक्षतांची वाटी, केस अर्धवट विंचरलेले.

"भाऊजी, हर्षलची पत्रिका आहे का हो तुमच्याकडे?"

होती. आमच्या डाळीच्या डब्याखाली घातलेली. गणपतीच्या सोंडेवर तेलाचा डाग पडला होता. कुसाबाईंनी तो पदराने दोनदा पुसला, गेला नाही, आणि तशीच ती घेऊन त्या स्टॉपकडे पळाल्या.