केंद्रावरचा चहा

काष्टीतल्या आमच्या घरात खाली आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, दूध संकलन केंद्र आहे आणि माडीवर माझं ऑफिस. सॉफ्टवेअर लिहायला पुण्यातच राहावं लागतं असं मैत्रिणींना वाटतं. वाटू दे. केंद्राचं ॲपही मीच लिहिलंय. कॅन मोजला, दुधाची फॅट लागली, की आप्पांच्या मोबाईलवर आकडे येतात आणि पावती निघते. गावातल्या दुसऱ्या केंद्रावर असलं काही नाही, याचा आप्पांना कोण अभिमान!

उन्हाळ्याच्या तोंडावर मला नवं काही करून बघायची खाज सुटली. ज्या साधनांनी मी ॲप बनवते त्यांची बीटा आवृत्ती आली होती, म्हणजे अजून पक्की न झालेली, नुसती चाखून बघायला दिलेली. मी ती चढवली, त्या भरात ॲपमध्येही थोडे फेरफार केले आणि केंद्रावर चालू करून टाकलं. ॲप कुठं अडखळतंय ते दाखवणारा एक आलेख माझ्यासमोर कायम उघडा असतो. एरवी सकाळी त्यात बारीकसारीक उंचवटे दिसायचे. आता रेघ एकदम सपाट. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

त्याच सुमारास आप्पा केंद्रावर येईल त्याला चहा पाजायला लागले. कुणी जरा रेंगाळलं तरी ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ते आता "घ्या की वाईच" म्हणून कप पुढं करत होते. वय झालं, माणूस मऊ झाला, असं मी समजले. मला ते फार आवडलं होतं.

मग एका सकाळी, वर्षानुवर्षं आमच्याकडेच दूध घालणाऱ्या शेजारच्या काकू कॅन घेऊन आमच्या दारावरून पुढं निघाल्या. दुसऱ्या केंद्राकडे.

"काकू, घर चुकलात का?" मी जिन्यातून हाक मारली.

त्या थांबल्या, पण माझ्याकडे बघेनात. "न्हाई गं बाई. तुजं ॲप लई अडतंय. रांगंत हुबं राहून परवा दूध नासलं माजं. आप्पा म्हनले, लेकीनं केलंय, जरा कळ काढा. तिला बोलू नगा."

मी खाली धावले. रांग जागच्या जागी होती. मोबाईलवर गोल चक्र फिरत होतं आणि आप्पा कपात चहा ओतत होते.

"मला सांगायचं नाही का?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "अशानं तुमचं केंद्र बंद पडेल!"

"तू वर खुशीत हुतीस," आप्पा म्हणाले. "म्हनलं, हुईल बरोबर."

मला भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्यांची इतकी माया वाटली की मी तशीच जिन्याकडे वळले.

वर येऊन तपासलं. बीटा आवृत्तीचं आणि आलेखाला नोंदी पुरवणाऱ्या भागाचं जमतच नव्हतं. माझ्यापर्यंत एकही नोंद पोचत नव्हती आणि त्या शांततेला मी ॲपची तब्येत ठणठणीत असल्याची खूण समजत होते. बीटा काढून जुनी आवृत्ती बसवली, तसे आलेखात डोंगर उभे राहिले. माझ्या फेरफारामुळे ॲप प्रत्येक कॅनला गावातल्या सगळ्या खातेदारांची माहिती पहिल्यापासून वाचत बसत होतं. ते दुरुस्त केलं आणि संध्याकाळच्या दुधाला रांग भराभर सरकली. आप्पांचा चहा भांड्यातच निवला.

मग मी काकूंच्या घरी गेले. "पुन्हा अडलं तर आप्पांचं ऐकू नका. सरळ मला शिव्या घाला," म्हटलं. त्या नुसत्या हसल्या.

दुसऱ्या सकाळी माडीवर बसले होते, तर खालून काकूंचाच आवाज आला. "पावती झटक्यात निघाली खरी, पन अक्षर किती बारीक! कुनाला दिसायचं हे?"

"हळू बोला," आप्पा कुजबुजले. "ऐकंल ती."

"ऐकू द्या!" मी वरूनच ओरडले. माझे डोळे भरून आले होते.