कुंडी क्रमांक सात

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आमच्या दारावरची बेल वाजायची आणि त्या बेलवर मी भिंतीवरचं घड्याळ लावून घ्यायचो. रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे नोकरी काढलेला माणूस मी. लोकांच्या वेळेवर माझा अजिबात विश्वास नाही. देवरे सरांच्या वेळेवर मात्र होता. त्यामुळे गेल्या महिन्यात सव्वादहा झाले तरी बेल वाजेना, तेव्हा माझी बायको सुलभा म्हणाली की द्वारका चौकातल्या गर्दीत अडकले असतील. द्वारकेला सगळेच अडकतात, पण सर ते धरूनच घरून निघत. साडेदहाला मी फोन लावला, तो त्यांच्या मुलीने उचलला. ती पुण्याला असते, आदल्या दिवशीच आली होती. सर पहाटे झोपेतच गेले, म्हणाली... सुलभाने त्यांची पोह्यांची ताटली झाकून ठेवली होती. ती दुपारपर्यंत तशीच होती.

सर रसायनशास्त्राचे प्राध्यापक, मूळचे सटाण्याकडचे. द्राक्षबागांवर फवारलेलं औषध मातीत पडलं की त्याचं पुढे काय होतं, ते किती दिवसांत मोडतं, मोडून काय उरतं, हा त्यांचा जन्माचा अभ्यास. नाशिकमध्ये राहून हा विषय घेणं म्हणजे लग्नाकार्यात स्वतःची पंचाईत करून घेणं. पानात द्राक्षं पडली की सर वाढणाऱ्याला शांतपणे विचारत, शेवटची फवारणी कधी झाली होती? तो बिचारा केटररला विचारून येतो म्हणून जायचा आणि पुन्हा त्या पंगतीकडे फिरकायचा नाही. आमची ओळखही अशीच झाली. नाशिक रोड स्टेशनात माझ्या खिडकीशी ते दोन पिशव्या माती घेऊन उभे राहिले आणि मातीचं वेगळं तिकीट लागेल का, असं त्यांनी विचारलं. “मातीला लागत नाही, तुम्हाला लागतं,” मी म्हटलं. मागची रांग हसली. सर हसले नाहीत, त्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

पुढे मैत्री झाली ती मी निवृत्त झाल्यावर, सकाळी फिरायला जाताना. एकदा त्यांनी मला त्यांचं शास्त्र समजावलं. औषध अर्धं व्हायला किती दिवस लागतात ते मोजायचं, मग उरलेल्याचं अर्धं व्हायला तितकेच, मग त्याच्याही उरलेल्याचं. कागदावर ते पूर्ण संपतच नाही, म्हणाले. मी म्हटलं, आमच्या घरी दिवाळीनंतर लाडवाचा डबा असाच असतो, जो तो अर्धा उचलतो आणि डबा घासायला कुणी टाकत नाही. हेही त्यांनी वहीत लिहून घेतलं. मात्र घरी या म्हटलं की ते एकच विचारत, “काही काम होतं का?” कामाशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. त्यांची बायको गेल्यानंतर तर ते आपल्या तीन खोल्यांत एकटेच असायचे. तरीही काम नसेल तर येणार नाहीत म्हणजे नाहीत. मला त्यांचा राग यायचा.

मग त्यांनी निवृत्तीनंतरचा एक अभ्यास काढला. एकाच शेतातली काळी माती, एकच औषध, सात कुंड्या आणि सात ठिकाणं. पहिली कुंडी पेठ गावी, त्यांची जुनी विद्यार्थिनी यशोदा गावित हिच्या अंगणात. सातवी आमच्या इमारतीच्या गच्चीवर. कुंडीत काही पेरायचं नाही, रोज एक मग पाणी घालायचं, आणि दर महिन्याला सर येऊन चमचाभर माती नेणार. पाण्याचं काम मी मोठ्या दिमाखात अंगावर घेतलं आणि आठवड्याच्या आत सुलभाकडे सोपवलं. इथेच चुकलो. भरलेली कुंडी मोकळी ठेवणं सुलभाच्या स्वभावात नाही. महिना भरत आला तेव्हा एका दुपारी जेवताना मी मेथीच्या भाजीचं तोंड भरून कौतुक केलं आणि कुठून आणलीस म्हणून विचारलं. ती म्हणाली, वरून.

ती दुपार आम्ही नवरा-बायकोने एकमेकांच्या जिभा तपासण्यात घालवली. काही झालं नाही. पण दोन दिवसांवर पहिला रविवार होता आणि कुंडीत मेथीचे बुडखे दिसत होते. मी ती माती बुडख्यांसकट एका पोत्यात रिकामी केली, पोतं गच्चीच्या कोपऱ्यात सरकवलं, आणि इमारतीमागे शेवग्याखालची माती घमेल्याने आणून कुंडी भरली. मातीसारखी माती, कुणाला काय कळणार आहे, असा माझा हिशेब होता. हे मी कुणाबाबत म्हणत होतो, ते आज आठवलं की मला घाम फुटतो.

रविवारी सर आले. कुंडीकडे बघत “हाई काय शे?” असं स्वतःशीच अहिराणीत पुटपुटले, चमचाभर माती पुडीत घेतली, पोहे खाल्ले आणि माझं पोट कसं आहे, असं विचारलं. जाताना म्हणाले, कोपऱ्यातलं ते पोतं नको असेल तर नेऊ का? मी सुटलो म्हणून ते स्वतः स्कूटरवर चढवून दिलं. पुढच्या महिन्यात चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, “गोसावी, तुमच्या कुंडीतलं औषध साफ नाहीसं झालंय.” मी त्यांच्या भरलेल्या कपात आणखी चहा ओतला. हा माणूस हे कुठेतरी छापणार, जगभरचे शास्त्रज्ञ आमच्या गच्चीचा अभ्यास करणार आणि जन्मभराच्या कामाला माझ्या एका घमेल्याने बट्टा लागणार...

पुढची अकरा वर्षं ही धास्ती माझ्या पोटात होती आणि सर दर महिन्याला चमचा घेऊन येत होते. मी सांगायचं कितीदा ठरवलं. “सर, त्या कुंडीचं काय आहे...” इतकं म्हणेपर्यंत ते सुलभाच्या गुडघ्याची चौकशी सुरू करत, नाहीतर दुसरा चहा मागत. मग पुडी खिशात घालून जिना उतरत आणि खाली शेवग्यापाशी मिनिटभर थांबत. सुलभाला वाटे, त्यांना शेंगा हव्या असतील आणि मागायचा संकोच होत असेल. म्हणून ती दर मोसमात जुडी बांधून द्यायची आणि सर ती पिशवीत घालून न्यायचे.

शोकसभेत यशोदाबाई बोलल्या. त्या आता स्वतः प्राध्यापक आहेत. सरांचं कुंड्यांचं काम किती चोख होतं, ते सांगू लागल्या आणि मी खुर्चीत खाली खाली सरकत गेलो. सभा संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि मेथीपासून घमेल्यापर्यंत सगळं ओकून टाकलं. म्हटलं, माझ्यामुळे सरांचं काही चुकीचं छापलं गेलं असेल तर आता तरी दुरुस्त करा. त्या तोंडावर पदर धरून हसल्या आणि नंतर त्यांचे डोळे भरून आले. चार दिवसांनी त्या सरांच्या वह्या घेऊन आमच्या घरी आल्या.

दुसऱ्याच महिन्याची नोंद अशी होती: “कुंडी ७. माती बदललेली. विटांचे तुकडे, शेवग्याचा पाला. पोत्यात मेथी. गोसावींनी खाल्ली असावी, प्रकृती ठणठणीत. कुंडी अभ्यासातून बाद.” म्हणजे अभ्यास होता तो सहा कुंड्यांचा. पण त्यापुढे दर महिन्याला सातवीची नोंद होतीच. “कुंडी ७. पोहे. नमुना जिथला तिथे, शेवग्याखाली टाकला.” “कुंडी ७. साबुदाण्याची खिचडी. वहिनींचा गुडघा बरा.” “कुंडी ७. पुन्हा शेंगा दिल्या. कारण समजले नाही.” सुलभा हसत हसत डोळे पुसत होती. मी पान उलटत राहिलो. दोनेक वर्षांपूर्वीच्या एका पानावर लिहिलं होतं: “कुंडी ७. उपमा. गोसावी आज पुन्हा सांगणार होते. अडवले. त्यांनी सांगून टाकलं तर मला त्यांच्याकडे यायला काम उरणार नाही.”

मला ते पान पुढे वाचवेना. छापण्याची धास्ती वरवरची; अकरा वर्षं मी घाबरत होतो ते हेच की खरं कळलं तर हा माणूस यायचा थांबेल, आणि तोही तेवढ्यालाच घाबरत होता. दोघं म्हातारे एका कुंडीशी बसून चहा पीत होतो आणि एकमेकांना ते कळू देत नव्हतो...

या महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा वाजता बेल वाजली नाही. मी डब्यातला चमचा घेतला आणि गच्चीवर गेलो. सातवीतली चमचाभर माती कागदाच्या पुडीत घेतली, जिना उतरलो आणि शेवग्याखाली नेऊन टाकली. मिनिटभर तिथेच थांबलो. सुलभाने खिडकीतून विचारलं, पोहे निवताहेत, खाली काय करताय?

“काम आहे,” मी म्हटलं.